उकिरड्यातली अळी आणि उसातली अळी एक नव्हे! पहिल्या पावसाआधी ओळखून घ्या हे दोन भुंगे

सध्या तालुक्यात उकिरडे उपसायचं काम जोरात सुरू आहे. रोज रस्त्याने शेणखताच्या ट्रॉल्या जाताना दिसतात. खत रानात ओतलं की त्यातून पांढऱ्या, जाडजूड, अर्धगोल वळलेल्या अळ्या बाहेर पडतात आणि बांधावर उभा असलेला कोणी ना कोणी म्हणतोच, "आरं, ही तर हुमणी!" मग काही जण ते खत तसंच सोडून देतात, काही जण त्याच्यावर औषध ओततात, तर काही जण ट्रॉलीवाल्याशी भांडण काढतात.

मी यातलं जवळपास सगळं करून बसलोय, म्हणून हा लेख. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात उसासाठी दोन ट्रॉल्या शेणखत विकत घेतलं. ट्रॉली उलटली आणि अंगठ्याएवढ्या अळ्या ओंजळीने निघाल्या. शेजारचे आप्पा म्हणाले, "रानात टाकू नगंस. उसाचं वाटोळं हुईल." मी ऐकलं. खत रानात पसरलंच नाही. विहिरीकडेला, वडिलांनी लावलेल्या नारळांच्या बुडाशी ढीग मारून ठेवला. वरून पावडर टाकली आणि निर्धास्त झालो.

भाद्रपदात तीस गुंठे खोडवा पिवळा पडला. ठोंब हाताने धरून ओढला तर मुळासकट नव्हे, मुळाशिवाय वर आला. खाली माती उकरली तर हुमणी. म्हणजे खत टाकलं नाही तरी हुमणी आलीच होती. पुढच्या वर्षी नारळाची नवी पानं कात्रीने कापल्यासारखी निघायला लागली. दोन झाडांचे शेंडे गेले, त्यातलं एक झाड पार वाळलं.

एकाच चुकीने ऊसही गेला आणि नारळही. चूक एवढीच, की दोन वेगवेगळ्या भुंग्यांच्या अळ्या मी एकच समजलो. नंतर गावच्या कृषी सहायकांनी दोन्ही अळ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा फरक कळला. तो तुम्हालाही आत्ताच कळावा, कारण वळवाचा पाऊस आता कधीही पडेल.

पहिला भुंगा: हुमणीचा

आपल्याकडच्या माळरानाच्या, मध्यम जमिनीच्या भागात जी हुमणी जास्त आढळते तिचं शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. तिचा भुंगा म्हणजे भुंगेरा. तांबूस तपकिरी रंग, लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. चमक कमी, मातीत पडला तर चटकन दिसत नाही.

हा भुंगेरा मातीतला रहिवासी आहे. वर्षातले बहुतेक दिवस तो जमिनीत असतो. पहिला चांगला वळीव पडला, माती ओली झाली, की त्या संध्याकाळी दिवेलागणीला तो जमिनीतून बाहेर निघतो. निघाला की जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतो. तिथे पाला खातो, तिथेच नर-मादीचं मीलन होतं. उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत. सकाळी निंबाखाली पानांचे कुरतडलेले तुकडे पडलेले दिसतात, पण भुंगेरा एकही दिसत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, काही झालंच नाही.

मादी जमिनीत वीतभर खोलीवर एकेक करून साधारण पन्नास-साठ अंडी घालते. दीड-दोन आठवड्यांत अळी निघते. सुरुवातीला ती बारीक मुळ्या आणि मातीतला कुजलेला पालापाचोळा खाते. मग वाढत जाते आणि पिकाच्या जिवंत मुळांवर येते. ऊस, भुईमूग, सोयाबीन, ज्वारी, हळद, तिला सगळं चालतं. अळीच्या तीन अवस्था असतात. तिसरी अवस्था म्हणजे साधारण ऑगस्टच्या पुढची, सगळ्यात खादाड. उसाचं जे नुकसान आपल्याला दिसतं ते याच काळातलं. दिवाळीच्या आसपास आणि पुढे अळी खोल जाऊन कोषात जाते. कोषातून भुंगेरा तयार होतो, पण बाहेर येत नाही. पुढच्या वळवाची वाट बघत हातभर खोल पडून राहतो. वर्षाला एकच पिढी.

दुसरा भुंगा: गेंड्या

गेंड्या भुंगा कोकणातल्या माणसाला सांगावा लागत नाही. तिकडे नारळ बागायतदारांची त्याच्याशी कायमची झुंज आहे. आपल्याकडे देशावरही आता विहिरीकडेला, बांधावर, घरापुढे नारळ झाले, तसा हा भुंगा इथेही नेहमीचा झाला. शास्त्रीय नाव ओरिक्टेस रायनोसेरॉस. काळा चकचकीत, चार-पाच सेंटिमीटर लांब, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग. नराचं शिंग मोठं, मादीचं आखूड. रात्री दिव्यावर येऊन धपकन आपटतो तो हाच.

याची दोन घरं आहेत. लहानपण उकिरड्यात, शेणखताच्या खड्ड्यात, कुजक्या नारळाच्या खोडात. मोठेपण नारळाच्या शेंड्यात. मादी कुजलेल्या खतात अंडी घालते. अळी तेच कुजलेलं खाऊन वाढते. जिवंत मूळ तिचं खाणंच नाही. पुरेशी ऊब आणि ओल असली की अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात. याला वळवाची वाट बघायची गरज नसते. खतात ओल असते, म्हणून बाराही महिने कुठल्या ना कुठल्या वयाच्या अळ्या सापडतात.

भुंगा झाला की तो रात्री उडत नारळाकडे जातो. शेंड्यातल्या न उमललेल्या कोवळ्या पानात आणि पोयीत भोक पाडून आत शिरतो, कोवळा भाग चावून रस घेतो. भोकाच्या तोंडाशी चावलेल्या चोथ्याचा बोळा दिसतो. जे पान आत मिटलेलं असताना कातरलं गेलं, ते पुढे उमलतं तेव्हा पंख्यासारखं त्रिकोणी कापलेलं दिसतं. म्हणजे आज जे कापलेलं पान दिसतं, तो घाव काही आठवडे-महिन्यांपूर्वीचा असतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर झाड तगलं असतं. पण गेंड्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो. सोंड्याच्या अळ्या खोडात शिरून आतून गाभा खातात आणि झाड मरतं. माझं वाळलेलं झाड असंच गेलं. वडिलांनी ते लावलं तेव्हा मी शाळेत होतो.

एकाचं पोर चोर, दुसऱ्याचा बाप चोर

आता या दोघांना शेजारी ठेवून बघा. हुमणीचा भुंगेरा निंबाचा पाला खातो, आपलं फारसं काही बिघडवत नाही. नुकसान करते ती त्याची अळी. गेंड्याचं बरोबर उलटं. त्याची अळी उकिरड्यात कुजकं खाते, आपलं काहीच बिघडवत नाही, उलट खत कुजवायला मदतच करते. नुकसान करतो तो मोठा झालेला भुंगा.

यातून कामाची गोष्ट निघते. दोघांनाही नुकसान चालू असताना धरणं अवघड आहे. हुमणी अळी उसाच्या बुडात, मातीखाली. मोठी झालेली अळी औषधालाही सहजासहजी दाद देत नाही. गेंड्या नारळाच्या शेंड्यात, तीस-चाळीस फुटांवर. पण दोघेही आयुष्यात एकदा अशा ठिकाणी असतात जिथे ते निरुपद्रवी असतात आणि आपल्या हाताला लागतात. हुमणी भुंगेरा असताना निंबावर. गेंड्या अळी असताना उकिरड्यात. तिथेच धरायचे. आपण मात्र भाद्रपदात उसात औषध ओतत बसतो आणि नारळ कापला गेला की वर बघत बसतो.

अळी हातात घेऊन कशी ओळखायची?

अळी चावेल म्हणून घाबरू नका. हातमोजा किंवा पिशवी घालून धरा, पाण्याने धुवा आणि पुढच्या गोष्टी बघा.

१) आकार. पूर्ण वाढलेली हुमणी चार-पाच सेंटिमीटर. गेंड्याची पूर्ण वाढलेली अळी सहा-सात सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, अंगठ्याएवढी जाड. पण फक्त आकारावर जाऊ नका, गेंड्याची लहान अळी हुमणीएवढीच दिसते.

२) डोकं. हुमणीचं डोकं पिवळसर तपकिरी. गेंड्याच्या अळीचं गडद तपकिरी, काळपटाकडे झुकणारं.

३) पाठीमागचं टोक. ही खरी खूण. अळी उताणी करा आणि शेवटच्या भागाची खालची बाजू बघा. हुमणीच्या तिथे मधोमध बारीक काट्यांच्या दोन समांतर ओळी असतात, केसात भांग पाडल्यासारख्या, आणि गुदद्वाराची चीर तीन फाट्यांची असते. गेंड्याच्या अळीला ओळी नसतात, केस नुसते विखुरलेले असतात आणि चीर आडवी असते. डोळ्याला नीट दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. माझ्या पुतणीने पहिल्याच फोटोत ओळी दाखवल्या. चष्मा लावूनही मला त्या दिसत नव्हत्या.

४) चाल. सपाट जमिनीवर सोडा. दोन्ही अळ्या कुशीवर पडून वळवळतात. पण खतात एक तिसरीही अळी सापडते, जी उताणी होऊन चक्क पाठीवर सरपटत चालते. ती फुलांवर येणाऱ्या भुंग्याची अळी. कुजकं खाणारी. तिला मारायची गरज नाही.

५) जागा. जिवंत मुळांजवळ मातीत सापडली तर हुमणीचा संशय आधी घ्या. नुसत्या मुरलेल्या खतात ढिगाने मोठ्या अळ्या सापडल्या तर बहुधा गेंड्या. पण "बहुधा"वर थांबू नका, टोक बघाच. कारण कच्च्या शेणखताबरोबर हुमणीही रानात जाऊ शकते. म्हणून खत पूर्ण कुजलेलंच वापरावं हा जुना सल्ला आजही खरा आहे.

आणखी एक. हुमणीच्याही जाती अनेक आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस नावाची वेगळी हुमणी असते. तिकडच्या पाहुण्यांनी सांगितलेला उपाय आपल्याकडे, आणि आपला तिकडे, जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

हुमणीसाठी: पाऊस पडेल त्याच संध्याकाळी

पहिला जोराचा वळीव पडला की त्या दिवशी संध्याकाळी घरात बसू नका. सात-साडेसातनंतर बॅटरी घेऊन बांधावरच्या निंबा-बाभळीखाली जा. खाली ताडपत्री किंवा जुनी साडी अंथरा, काठीला आकडा बांधून फांद्या जोरात हलवा. भुंगेरे टपाटप पडतात. ते गोळा करून साबणाच्या दाट पाण्यात बुडवा. पूर्वी रॉकेलचं पाणी वापरायचे, आता रॉकेलच मिळत नाही.

एका मादीची पन्नास अंडी धरली तरी शंभर माद्या धरल्या तर पाच हजार अळ्या जन्मालाच आल्या नाहीत. पण हे अंडी घालायच्या आत झालं पाहिजे, म्हणून पहिले काही दिवस महत्त्वाचे. सोबत प्रकाश सापळा लावा. बल्ब, त्याखाली पाण्याची घमेली, एवढ्यावरही काम भागतं. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, संध्याकाळचे दोन-तीन तास पुरे.

हे एकट्याने करून फळ कमी मिळतं. माझ्या निंबावरचे भुंगेरे मी धरले आणि शेजाऱ्याच्या निंबावरचे राहिले, तर अंडी माझ्याच उसात पडायची. वस्तीने मिळून, सलग तीन-चार वर्षं केलं तर फरक पडतो. गेल्या वर्षी आमच्या वस्तीवर सात घरांनी मिळून केलं. यंदा खोडव्यात ठोंब कमी गेले. हुमणी संपली असं म्हणणार नाही, पण कमी झाली.

काही जण म्हणतात, निंबच तोडून टाका. हा उपाय उलटा आहे. निंब गेला तरी भुंगेरा दुसरं झाड शोधेल. निंब आहे म्हणून तो कुठे जमतो ते आपल्याला माहीत असतं.

ऊस गेल्यावर खोडवा न ठेवता रान मोडणार असाल तर खोल नांगरट करा. नांगरामागे साळुंक्या, कावळे, बगळे येतात ते उगाच नाही.

गेंड्यासाठी: उकिरडा पलटा, नारळापासून लांब ठेवा

शेणखताचा खड्डा वर्षात एक-दोनदा पलटा. अळ्या वर येतील त्या वेचून कोंबड्यांना टाका. कोंबड्या नसतील तर ढीग उन्हात पातळ पसरा, पाखरं आपलं काम करतात. ज्या खतात फक्त गेंड्याच्या अळ्या आहेत ते उसाच्या रानात पसरायला काही हरकत नाही. त्या उसाची मुळं खाणार नाहीत. मी जर हे खत पसरलं असतं तर उसाला खत मिळालं असतं आणि नारळही वाचले असते.

नारळाच्या जवळ खताचा ढीग महिनोन्‌महिने ठेवू नका. वाळलेलं नारळाचं खोड पाडलं तर तिथेच कुजत पडू देऊ नका, फोडून जाळा किंवा सरपणाला वापरा. नाहीतर तेच पुढच्या भुंग्यांचं बाळंतघर होतं.

लहान झाडाच्या शेंड्यात भोक आणि चोथा दिसला तर तारेचा आकडा आत घालून भुंगा ओढून काढा. शेंड्याजवळच्या वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंडीची पूड आणि तेवढीच वाळू मिसळून भरा. एका झाडाला पाव किलो पेंड पुरते. वर्षातून दोन-तीनदा हे करावं लागतं. त्यातलं एकदा आता पावसाच्या तोंडावर.

हा भुंगा किती लांब जाऊ शकतो याचं एक उदाहरण सांगतो. १९०९ साली श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर तो प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर पोचला आणि तिथल्या नारळांची धूळधाण केली. पुढे १९६० च्या दशकात मलेशियात या भुंग्याला आजारी पाडणारा एक विषाणू सापडला, तो सामोआत सोडला, तेव्हा भुंगा आटोक्यात आला. तरी २००७ मध्ये तो गुआम बेटावर आणि २०१३ मध्ये हवाईत पोचलाच. समुद्र ओलांडणाऱ्या भुंग्याला या गावचं खत त्या गावात नेणारी आपली ट्रॉली म्हणजे अगदीच जवळचा प्रवास. म्हणून खत घेताना खड्ड्यात हात घालून बघा आणि काय घेतोय ते माहीत असू द्या.

दोघांवर चालणारा एकच मित्र

मेटारायझियम नावाची एक हिरवी बुरशी आहे. ती हुमणीलाही लागते आणि गेंड्याच्या अळीलाही. अळीच्या कातडीतून आत शिरते, अळी मरते आणि तिच्या अंगावर हिरवी पूड चढते. ती मुरलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना उसाच्या ओळीत देता येते आणि उकिरड्यातही टाकता येते. कोरड्या मातीत आणि कडक उन्हात ती काम करत नाही. रासायनिक औषधाबरोबर एकाच वेळी मिसळूही नका. मात्रा पाकिटावर असते, शंका असली तर कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. रासायनिक औषध द्यायची वेळ आलीच तर तेही त्यांनाच विचारून द्या, दुकानदार काढून देईल ते नको. अळी लहान असताना, म्हणजे जुलैच्या आसपास, औषधाला अर्थ आहे. भाद्रपदात पैसे मातीत जातात. माझे गेले.

आत्ता काय करायचं?

या आठवड्यात उकिरडा उपसताना पाच-दहा अळ्या वेगळ्या काढा, टोक बघा, फोटो काढून ठेवा. नारळाजवळचा ढीग हलवा. ताडपत्री, बॅटरी, घमेली एका जागी ठेवा. वस्तीवरच्या चार घरांना आजच सांगून ठेवा की पहिला वळीव पडला की संध्याकाळी निंबाखाली जमायचं. पाऊस पडल्यावर निरोप द्यायला वेळ मिळत नाही, लाईट गेलेली असते आणि फोनला रेंज नसते.

आप्पांना मी गेल्या वर्षी दोन्ही अळ्या दाखवल्या. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी मी तुला खत टाकू नगं म्हणलो ते चुकलंच की." चूक त्यांची एकट्याची नव्हती. आमच्या दोघांच्याही पिढ्यांनी ढिगातली पांढरी अळी म्हणजे हुमणी असंच ऐकलेलं. यंदा पहिल्या पावसाला ताडपत्री आप्पाच आणणार आहेत.